कुणाचं हिरवं, कुणाच्या पाण्यावर

१८९९च्या सप्टेंबरमध्ये स्वेन हेडिन हा स्वीडिश प्रवासी मध्य आशियातल्या यारकंद नदीवर एका मोठ्या नावेत बसून निघाला. ही नदी पुढे तारीम होते आणि ताक्लामाकान वाळवंटाला उत्तरेकडून वळसा घालत पूर्वेला जाते. वळण न् वळण मोजत, नदीचा नकाशा काढत तो जवळजवळ तीन महिने प्रवाहाबरोबर उतरत राहिला. डिसेंबरात नदी गोठली, तेव्हा नाव थांबली. वाटेत त्याला दोन्ही काठांवर पॉप्लरची जंगलं लागली, बोरूची दाट बेटं लागली. खालच्या भागात लोपलिक नावाचे लोक राहत. ते त्याच पॉप्लरची खोडं कोरून होड्या करत आणि प्रामुख्याने मासे मारून जगत. वाळवंटाच्या कडेला मासेमारीवर जगणारा समाज होता, यातच त्या नदीचा थाट कळतो.

पाऊणशे वर्षांनंतर त्याच नदीच्या शेवटच्या सुमारे ३२० किलोमीटर पात्रात पाण्याचा थेंब नव्हता. ज्या लोप नोर सरोवराच्या शोधात हेडिनने आयुष्याची अनेक वर्षं घालवली, ते १९७०च्या आसपास कोरडं पडलं. काठावरची झाडं उभ्या उभ्या वाळत होती आणि लोपलिकांची वस्ती कधीच पांगली होती.

पाऊस कमी झाला असेल, डोंगरातला बर्फ आटला असेल, असा अंदाज कुणीही करेल. मोजमापं मात्र वेगळंच सांगतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारीमला पाणी पुरवणाऱ्या डोंगरी नद्यांचा प्रवाह एकंदरीत घटला नाही, वाढला. शी याफेंग या चिनी हिमनदीतज्ज्ञाने तर वायव्य चीनचं हवामान १९८७च्या सुमारास उष्ण-कोरड्याकडून उष्ण-दमट होऊ लागल्याचं मांडलं होतं. वर पाणी वाढत असताना खाली जंगल मरत होतं. कोरड्या नदीखोऱ्यातली झाडंझुडपं कशाने वाढतात आणि कशाने मरतात, याचा विचार या कोड्यापासून सुरू केलेला बरा.

पावसाविना जंगल

तारीमचं खोरं सुमारे १० लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं. उत्तरेला तिएनशान, पश्चिमेला पामीर, दक्षिणेला काराकोरम आणि कुनलुन. तिन्ही बाजूंनी डोंगर उभे असल्याने समुद्रावरची वाफ आत पोचत नाही. काराकोरमच्या एका उतारावर वितळलेला बर्फ सिंधूला मिळतो आणि अरबी समुद्र गाठतो. त्याच रांगेच्या पलीकडच्या उतारावरचं पाणी यारकंद नदीत उतरतं आणि समुद्राचं तोंडही न पाहता वाळूत संपतं. तारीमच्या खालच्या टप्प्यात वर्षभरात ५० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या माणदेशाला आपण कायमचा दुष्काळी म्हणतो, पण तिथेही साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पडतो. उलट, हवेची पाणी शोषून घेण्याची ताकद तारीमच्या खाली वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात आहे.

अशा ठिकाणी पावसावर गवताचं पातंही तगणार नाही. जे काही उगवतं ते नदीच्या पाण्यावर, आणि तेही जमिनीखालून आलेल्या. उन्हाळ्यात डोंगरातला बर्फ वितळला की नदीला पूर येतो. पात्रातलं पाणी तळातून आणि काठातून झिरपत दोन्ही बाजूंना पसरतं आणि वाळूखाली भूजलाचा एक पट्टा तयार होतो. पात्राजवळ तो उथळ असतो, दूर जावं तसा खोल. त्या भूजलातून पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांमधून वर चढतं, जसं समईतलं तेल वातीतून चढतं. झाडांची मुळं या ओल्या थरापर्यंत पोचली तर झाड जगतं.

म्हणून इथे सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे भूजलाची खोली. पाणी दोन मीटरहून वर आलं तर ते थेट पृष्ठभागापर्यंत चढून उडून जातं आणि मागे मीठ ठेवून जातं. जमीन खारावते. दोन ते चार मीटर हा सुखाचा टप्पा. चार-पाच मीटरच्या खाली पाणी गेलं की उथळ मुळांच्या वनस्पती, म्हणजे बोरू आणि गवतं, आधी नाहीशा होतात. झाऊची झुडपं आणि काटेरी जवासा आणखी तग धरतात. पाणी नऊ-दहा मीटरच्या खाली उतरलं, की पॉप्लरसुद्धा मरू लागतो. वनस्पती कोणत्या क्रमाने गेल्या हे पाहूनच, विहीर न खणता, पाणी किती खाली गेलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

पाऊसमान आणि जंगल यांचा आपल्या ओळखीचा संबंध इथे तुटतो. ढग कुठे बरसले याला महत्त्व नाही. नदी कुठून गेली, किती दिवस वाहिली आणि काठाबाहेर किती पसरली, यावर सारं अवलंबून असतं.

जगणं वेगळं, जन्म वेगळा

इथल्या पॉप्लरला चिनी लोक हूयांग म्हणतात आणि उइगुर लोक तोग्राक. जगातल्या हूयांगच्या जंगलांचा सर्वांत मोठा हिस्सा तारीमच्या खोऱ्यातच आहे. या झाडाचं एक वैशिष्ट्य लगेच नजरेत भरतं. कोवळ्या रोपाची पानं विलोसारखी अरुंद आणि लांब असतात, मोठ्या झाडाची रुंद आणि जवळजवळ गोल. बऱ्याचदा एकाच झाडावर दोन्ही प्रकारची पानं दिसतात. मुळांनी शोषलेलं जादा मीठ ते खोडातून बाहेर टाकतं. मेल्यावरही त्याचं लाकूड त्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं उभं राहतं. त्यामुळे हूयांग हजार वर्षं मरत नाही, मेला तरी हजार वर्षं पडत नाही, अशी समजूत तिकडे रूढ आहे.

अशा चिवट झाडाचं बी मात्र अगदीच दुबळं. कापसासारख्या तंतूला लटकलेलं ते इवलंसं बी ऐन उन्हाळ्यात, नदीला पूर आलेला असताना सुटतं. काही दिवस, फार तर काही आठवडे ते रुजण्याजोगं राहतं. तेवढ्या काळात ते पुराने नुकत्याच सोडलेल्या ओल्या गाळावर पडायला हवं. शिवाय पुढे ओल खाली सरकण्याचा वेग रोपाच्या मुळाच्या वाढीपेक्षा जास्त असता कामा नये. बी, पूर आणि गाळ यांची गाठ पडली तरच नवं झाड. एरवी हूयांग मुळांतून फुटवे काढून पसरतो, पण तेही जमिनीचा वरचा थर ओला असेल तरच.

जमिनीखालचं पाणी पुरेसं उथळ असेल तर म्हातारं झाड शंभर वर्षं पूर न पाहताही जगू शकतं. त्याची पिढी पुढे चालायला मात्र पूर लागतोच. बाहेरून जंगल हिरवंगार दिसतं आणि आत एकही तरुण झाड नसतं, अशी स्थिती कोरड्या खोऱ्यांत वारंवार आढळते. ते जंगल जिवंत असतं, पण त्याला भविष्य नसतं.

नदी सरकते, अरण्यही सरकतं

जंगल मरण्याचा सगळा दोष माणसाचा मानला तरी ते चुकेल. वाळवंटातल्या सपाट प्रदेशात गाळाने भरलेली नदी एका जागी टिकत नाही. पात्र गाळाने उचललं जातं आणि एखाद्या पुरात नदी शेजारच्या सखल भागात उडी घेते. १९२१मध्ये तारीमच्या खालच्या प्रवाहाने अशीच वाट बदलली आणि नदी जुन्या, शतकानुशतकं कोरड्या पडलेल्या पात्रात शिरून लोप नोरकडे वळली. सोडलेल्या काठावरचं जंगल वाळत गेलं, नव्या काठावर झाऊ आणि बोरू उगवले. नदीबरोबर जागा बदलणाऱ्या या लोप नोरलाच हेडिनने ‘भटकं सरोवर’ म्हटलं होतं.

या भटकंतीची किंमत माणसांनीही मोजली. लोप नोरच्या काठी लूलान नावाचं भरभराटीचं नगर होतं. १९००मध्ये हेडिनच्या तुकडीला त्याचे अवशेष सापडले. तिथली वस्ती चौथ्या शतकात उठली असावी. नैर्ऋत्येच्या निया या जागी ऑरेल स्टाइन या संशोधकाला १९०१मध्ये लाकडी पट्ट्यांवर लिहिलेले दस्तऐवज मिळाले. त्यांची लिपी खरोष्ठी आहे आणि भाषा वायव्य भारतातून रेशीममार्गाने तिकडे पोचलेली प्राकृत. जमिनीचे व्यवहार, पाण्याचे तंटे, कर, असं सगळं त्यांत आहे. त्यातल्या एका आदेशात जिवंत झाड मुळापासून तोडणाऱ्याला एक घोडा आणि फांद्या तोडणाऱ्याला एक गाय असा दंड सांगितला आहे. सतराशे वर्षांपूर्वी वाळवंटाच्या कडेच्या एका छोट्या राज्याला झाडाची किंमत घोड्याएवढी वाटत होती, यावरून तिथलं हिरवं किती मोलाचं होतं ते कळतं.

नैसर्गिक बदलात एक हिशेब मात्र जुळत असे. एका काठावरून गेलेलं पाणी दुसऱ्या काठावर पोचत असे, आणि एकीकडे मेलेल्या जंगलाची थोडीफार भरपाई दुसरीकडे होई. १९५०नंतर हा हिशेब बिघडला.

कापसाने घेतलेलं पाणी

१९५४मध्ये शिनजियांगमध्ये ‘उत्पादन व बांधकाम दल’ स्थापन झालं. सैन्यातून मोकळे झालेले शिपाई आणि पूर्वेकडून आणलेले स्थलांतरित यांच्या बळावर ओसाड जमिनी लागवडीखाली आणणं हे त्याचं काम होतं. कालवे निघाले, जलाशय झाले आणि तारीमच्या वरच्या आणि मधल्या टप्प्यांत शेतं पसरत गेली. पुढे या शेतांत कापूस सर्वांत महत्त्वाचा ठरला. आज चीनच्या कापसापैकी जवळपास ९० टक्के शिनजियांगमध्ये पिकतो, जगातल्या एकूण कापसाचा साधारण पाचवा हिस्सा. या कापसामागे उइगुरांकडून सक्तीची मजुरी करून घेतल्याचे आरोप आहेत आणि त्यावरून अमेरिकेने २०२२पासून तिथल्या मालाच्या आयातीवर कायद्याने कडक निर्बंध लागू केले. चीन हे आरोप नाकारतो. कापसाच्या गोष्टीत पाण्याइतकाच माणसांचाही भाग आहे, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

एकेकाळी तारीमच्या मुख्य प्रवाहाला नऊ नद्यांची खोरी जोडलेली होती. केरिया, चेर्चेन, काशगर अशा नद्या शेतीकडे वळत गेल्या आणि एकेक करून मुख्य नदीपासून तुटल्या. आता प्रवाहाची सारी भिस्त अक्सूवर आहे. मुख्य प्रवाहातलं सुमारे पाऊण पाणी तीच आणते. होतान नदी केवळ उन्हाळ्यातल्या पुरात वाळवंट ओलांडून तारीमला गाठते, यारकंदचं पाणी तर क्वचितच पोचतं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दाशीहायझी इथे जलाशय बांधून पाणी अडवलं गेलं आणि त्याखालची नदी संपली. १९५०च्या दशकात खालच्या टप्प्यात भूजल तीन ते पाच मीटरवर होतं. १९९०च्या दशकात ते आठ ते बारा मीटरवर गेलं. पॉप्लरच्या सुखाचा टप्पा आणि मरणाचा टप्पा आपण वर पाहिलाच आहे, ही उतरण नेमकी त्या दोन टप्प्यांच्या मधली. खालच्या टप्प्यातलं हूयांगचं जंगल सुमारे ५४ हजार हेक्टरांवरून ७ हजारांच्या आसपास आलं. त्याच काळात सरपणासाठी आणि बांधकामासाठी झालेली तोड, गुरांची चराई आणि ज्येष्ठमधाची मुळं खणून नेणं यांनी उरलंसुरलं हिरवंही खुडलं. पण पाणी असतं तर जंगल या साऱ्यातून सावरलं असतं. पाणी नसताना तोड थांबवूनही ते वाचलं नसतं.

खालचा हा हिरवा पट्टा दोन वाळवंटांच्या मधोमध आहे. पश्चिमेला ताक्लामाकान, पूर्वेला कुरुक. त्यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २१८ जातो. झाडं गेली तशी वाळू मोकळी झाली आणि रस्त्यावर चढू लागली. दोन्ही वाळवंटं एकमेकांना भिडतील या भीतीने अखेर सरकारला हालचाल करायला लावली.

उपग्रहाला दिसणारं हिरवं

एवढ्या मोठ्या खोऱ्यात वनस्पतींचं काय चाललं आहे, हे आज मुख्यतः उपग्रह सांगतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. या दोहोंतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की हिरवाईचा निर्देशांक मिळतो. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२मध्ये गेला आणि २०००पासून मोडिस हे यंत्र जवळपास रोज पृथ्वी पाहू लागलं. त्यामुळे अर्ध्या शतकाची नोंद हाताशी आहे.

या नोंदीप्रमाणे तारीमचं खोरं गेल्या काही दशकांत एकंदरीत हिरवं झालं आहे. आकडा खरा आहे, पण तो वाचताना डोळे उघडे ठेवावे लागतात. वाढलेल्या हिरव्याचा मोठा भाग शेतांचा आहे. जून ते ऑगस्टमध्ये ठिबकवर वाढलेला कापूस उपग्रहाला विरळ पॉप्लरपेक्षा कितीतरी हिरवा दिसतो. वर एक हेक्टर कापूस आला आणि खाली एक हेक्टर पॉप्लर गेला, तरी सरासरीत हिरवाई वाढल्याचीच नोंद होते. विरळ झाडोऱ्याची आणखी एक अडचण आहे. दोन झाडांच्या मधल्या उघड्या मातीचा रंग निर्देशांकात मिसळतो. म्हणून १९८८मध्ये ह्युएट या संशोधकाने मातीचा परिणाम वजा करणारा सुधारित निर्देशांक सुचवला.

बदल कशामुळे झाला हे ठरवायची एक प्रचलित पद्धत आहे. दरवर्षीचा पाऊस आणि त्या वर्षीची हिरवाई यांचं नातं बांधायचं आणि पावसाने उलगडत नाही तेवढा बदल माणसाच्या माथी मारायचा. आफ्रिकेतल्या साहेलसारख्या, पावसावर जगणाऱ्या कुरणांत ही रीत चालून जाते. तारीमच्या खाली ती फसते, कारण तिथल्या झाडाला स्थानिक पावसाशी घेणंदेणंच नाही. त्याचं पाणी शेकडो किलोमीटरवरच्या डोंगरात पडलेलं असतं, वाटेत कालव्यांनी वाटून घेतलेलं असतं आणि भूजलातून सरकत ते मुळांपर्यंत यायला महिने, कधी वर्षं लागतात. म्हणून संशोधकांनी नदीला काटकोनात निरीक्षण-विहिरींच्या रांगा खणल्या आणि काठापासून एक किलोमीटरपर्यंत ठरावीक अंतरावर भूजल मोजलं. उपग्रहाचं चित्र आणि विहिरीतला आकडा शेजारी ठेवला, की मगच कारण हाती लागतं.

हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइडही या चित्रात आहे. तो वाढला की पानांची छिद्रं कमी उघडी ठेवूनही झाडाचं भागतं, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ते जास्त पानं पोसू शकतं. ऑस्ट्रेलियातले संशोधक रँडल डोनह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दाखवलं, की १९८२ ते २०१० या काळात या एका कारणाने उष्ण कोरड्या प्रदेशांतलं पर्णाच्छादन सुमारे ११ टक्क्यांनी वाढलं असावं. हा परिणाम जगभर पसरलेला आणि सावकाश होणारा आहे. नदीच सुकली असेल तिथे मात्र तो कामाचा नाही.

सर्वांत अनपेक्षित कारण पाणी वाचवण्यात दडलेलं आहे. कच्च्या कालव्यांतून पाणी झिरपून वाया जातं म्हणून त्यांना काँक्रीटचं अस्तर केलं गेलं. पूर आणून शेत भिजवणं सोडून प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ठिबक आलं. शेताच्या नजरेने ही बचत होती. पण झिरपणाऱ्या त्या ‘वाया’ पाण्यावर शेतांच्या आणि वाळवंटाच्या मधल्या पट्टीत झाऊ आणि पॉप्लर उभे होते. कालवे पक्के झाले तशी ती पट्टी सुकू लागली. आणि वाचलेलं पाणी नदीत परत गेलं असंही नाही. बऱ्याच ठिकाणी त्यावर आणखी जमीन लागवडीखाली आली.

पाणी सोडलं, मग काय परतलं

मे २०००मध्ये बोस्तेन सरोवराचं पाणी कोंग्छ्वे नदीतून वळवून दाशीहायझीच्या खाली सोडायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने १०.७ अब्ज युआनची योजना मंजूर केली आणि नोव्हेंबर २००१मध्ये पाणी सुमारे तीन दशकांनी थेट शेवटच्या ताइतेमा सरोवरापर्यंत पोचलं. २००० ते २०२० या काळात वीसहून अधिक वेळा मिळून ८ अब्ज घनमीटरहून जास्त पाणी सोडलं गेलं. सुरुवातीला नशीबही साथीला होतं. ओल्या वर्षांमुळे बोस्तेन काठोकाठ भरलेलं होतं. पुढे ते उतरलं आणि २००७ ते २००९ या वर्षांत खाली फारच थोडं पाणी गेलं.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. पात्राजवळ भूजल आठ-नऊ मीटरवरून तीन ते पाच मीटरपर्यंत वर आलं. पहिल्यांदा गवतं आणि बोरू परतले, मग झाऊ. म्हाताऱ्या हूयांगच्या वाळलेल्या शेंड्यांखाली नवी पालवी फुटली आणि खोडातली वार्षिक वलयं पुन्हा रुंद झाली. पण हे सारं नदीच्या जवळ. पात्रापासून दूर जावं तसा फायदा घटत गेला आणि साधारण एक किलोमीटरपलीकडे जवळपास शून्य झाला. शिवाय नवी रोपं फारशी उगवली नाहीत. पाणी पात्रातून वाहत होतं, काठाबाहेर पसरत नव्हतं. बुडालेला, गाळाने माखलेला काठच नव्हता, मग बियांनी रुजायचं कुठे? योजनेने म्हाताऱ्या झाडांना जगवलं, पण जन्म मात्र तिच्या हिशेबातून सुटला होता.

दुसरा प्रश्न सरोवराचा. नदी शेवटच्या सरोवरापर्यंत पोचली की मोहीम फत्ते, असं सगळ्यांनाच वाटतं. ताइतेमाचं भरलेलं पाणी उपग्रहातून सुंदर दिसतं, वर्तमानपत्रांतही छान छापलं जातं. पण साधं गणित करून पाहा. उघड्या पाण्यातून वर्षाला दीड मीटर थर उडाला असं धरलं, तर ३०० चौरस किलोमीटरच्या सरोवरातून ४५ कोटी घनमीटर पाणी हवेत जाईल. वरचे आकडे पाहता वर्षाला सरासरी सोडलेलं पाणी साधारण ४० कोटी घनमीटर. ताइतेमाला चेर्चेन नदीचंही पाणी मिळतं, हे खरं. तरीही वाटेवरचं जंगल तहानलेलं ठेवून सरोवर भरणं हा महागडा देखावा ठरतो, असं अनेक चिनी अभ्यासकांनीही मांडलं. अलीकडच्या वर्षांत म्हणूनच पद्धत बदलली आहे. दोन समांतर पात्रांतून पाणी सोडतात आणि निवडक ठिकाणी ते काठाबाहेर काढून जंगलात पसरू देतात. पूर नैसर्गिक नाही, पण बियांना त्याने फरक पडत नाही. फक्त तो वेळेवर यायला हवा.

तेच झुडूप, दुसरी नदी

वेळेचं महत्त्व किती, हे अमेरिकेच्या कोलोरॅडो नदीने दाखवून दिलं आहे. तिथेही काठावर कॉटनवुड हा पॉप्लर आणि विलो होते, आणि त्यांची बियाणंही बर्फवितळीच्या पुराशी जुळलेली होती. धरणांनी तो पूर काढून घेतला. मग जागा घेतली झाऊने, जो आशियातून बागांसाठी आणि बांधांसाठी नेला होता. झाऊ सारा उन्हाळाभर बी टाकतो, त्याला ठरावीक पुराची वाट पाहावी लागत नाही, आणि खारी मातीही चालते. तारीमवर वाळू धरून ठेवणारं हे मोलाचं झुडूप कोलोरॅडोवर उपद्रवी तण ठरलं. त्याला आवरायला २००१मध्ये एक पानखाऊ भुंगेरा सोडण्यात आला. तोही शिनजियांगमधल्या फुकांग इथून आणि कझाकस्तानातून नेलेला. पण विलो फ्लायकॅचर या पक्ष्याची एक दुर्मीळ उपजात आता झाऊवरही घरटी करते. २०१०मध्ये सरकारला भुंगेऱ्याचा कार्यक्रम आवरता घ्यावा लागला.

२०१४च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिको यांच्या करारानुसार मोरेलोस बंधाऱ्यातून आठ आठवडे मिळून सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी कोलोरॅडोच्या कोरड्या मुखात सोडलं. मुद्दाम वसंत निवडला, कारण तेव्हाच कॉटनवुड आणि विलोचं बी सुटतं. त्या वर्षी पूरपट्ट्यातली हिरवाई आदल्या वर्षीपेक्षा १६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नंतर ती ओसरू लागली. एका पुराने पालवी येते. जंगल टिकवायचं तर पूर पुन्हा पुन्हा यायला हवेत.

पुढची वाटणी

आता कोड्याकडे वळू. डोंगरात पाणी वाढलं आणि खाली जंगल मेलं, यात विसंगती नाही. वाढलेलं पाणी उगमापासून सरोवरापर्यंत जाताना वाटेत ज्याच्या हाती आधी लागलं, त्याने ते घेतलं. कोरड्या खोऱ्यात हिरवं आपोआप उगवत नाही, ते एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलं जातं. हवामान एकूण पाणी किती हे ठरवतं, आणि त्यातलं किती, कुठे, कधी पोचणार हे माणूस ठरवतो. तारीमवर गेल्या सत्तर वर्षांत या दुसऱ्या गोष्टीचं पारडं फार जड राहिलं.

पुढची पन्नास वर्षं तशीच जातील याची खात्री नाही. या नद्यांच्या पाण्यात हिमनद्यांच्या वितळीचा मोठा वाटा आहे. वाढत्या उष्णतेने वितळ आधी वाढते, एका शिखराला पोचते आणि बर्फच कमी उरला की घटू लागते. काराकोरममधल्या हिमनद्या बाकी हिमालयाच्या तुलनेत स्थिर राहिल्या आहेत, आणि केनेथ ह्युइट यांनी २००५मध्ये याला काराकोरमचं वेगळेपण असं नाव दिलं. पण अक्सूला पाणी देणारा तिएनशान त्या मानाने वेगाने बर्फ गमावतो आहे. आजची शेती जादा पाण्याच्या काळात वाढलेली आहे. ते जादा पाणी ओसरलं की आधी कुणाचं कापायचं, हा प्रश्न येईल, आणि जंगलाच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

म्हणून एखादं कोरडं खोरं हिरवं होत असल्याची बातमी आली, तर तीन गोष्टी विचाराव्यात. हे हिरवं शेताचं की रानाचं? पात्रापासून शंभर मीटरवर आणि हजार मीटरवर भूजल किती खोल आहे? आणि काठावर दहा वर्षांच्या आतली झाडं किती आहेत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर उपग्रह देईल, दुसऱ्याचं विहीर. तिसऱ्यासाठी कुणाला तरी काठावर पायी फिरून रोपं मोजावी लागतील, आणि जंगल खरोखर परतलं का, ते या तिसऱ्या उत्तरावरच ठरेल.